‘लोन मंजूर असलेली पार्टी’ आणि माझे ६,०६,४०० रुपये

घर घेणारा फसतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मी विकणारा होतो. पैसे माझ्याकडे यायचे होते, माझ्याकडून जायचे नव्हते. तरीही गेले. आकडा वर लिहिला आहे, म्हणजे कोणाला विचारायला नको.

सत्तावीस वर्षं मी हिशेब विभागात काढली. लोकांची व्हाउचरं तपासली, शाई बदललेली बिलं पकडली. त्यामुळे “तुमच्यासारखा माणूस कसा फसला” हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही. ज्यांना हे वाक्य सुचतंय त्यांनी पुढे वाचावं.

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेले, म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं आणि हे विकायला काढलं. जानेवारी २०२५. एजंटनं दोन ऑफर आणल्या. एक नवरा-बायको, दोघंही नोकरी करणारे, ६२,५०,००० रुपये; पण कर्जाचा अर्ज अजून करायचा होता. म्हणाले, “काका, चार दिवस द्या, बँकेत फाइल टाकतो.” दुसरा एकटा, पस्तिशीचा, ६४,००,००० द्यायला तयार, आणि हातात गृहकर्जाचं मंजुरीपत्र. एजंट मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, लोन झालेली पार्टी आहे. ती दोघं उद्या बँकेनं नाही म्हटलं की हात वर करतील.”

यात चुकीचं काय होतं, सांगा ना. सगळे हेच सांगतात की ऑफरबरोबर कर्जमंजुरीचा पुरावा मागा, नाहीतर तीन महिने घर अडकून पडतं. मी मागितला. मिळाला. पुरावा मागणं बरोबरच होतं. तो कागद खरा आहे का, हे ज्याच्या नावाने तो निघाला त्या बँकेला मी विचारलं नाही. माझी चूक एवढीच, पण ती सहा लाखांची.

माणूस बोलायला गोड. हिला काकू, मला काका, आईच्या पाया पडला. पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो, त्याचा फॉर्म तेव्हा २६क्यूबी होता, हे त्यानेच मला समजावून सांगितलं. मी हिशेबातला माणूस, मला ते माहीत होतंच. पण समोरच्यालाही माहीत आहे म्हटल्यावर विश्वास बसला. लबाड माणसाला कायदा येत नसेल हा माझा भ्रम. उलट त्यालाच चांगला येतो.

आता त्या कागदाबद्दल. दोन पानी पीडीएफ, बँकेचं नाव, शाखा, शिक्का, सही. तारीख ८ फेब्रुवारी २०२५. मंजूर रक्कम ५७,६०,०००. खाली आमचा फ्लॅट नंबर आणि एक ओळ: ‘मालमत्तेची कायदेशीर व तांत्रिक तपासणी समाधानकारकरीत्या पूर्ण.’

रात्री जेवताना हिनं तो मोबाइलवर वाचला. वाचून म्हणाली, “अहो, तांत्रिक तपासणी म्हणजे घर मोजायला येतात ना? आपल्याकडे कोण आलं होतं?”

मी म्हणालो, “हल्ली सगळं ऑनलाइन होतं.”

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. कोणतीही बँक घर न बघता त्यावर साठ लाखांच्या घरातलं कर्ज देत नाही. इंजिनिअर येतो, खोल्या मोजतो, बाल्कनी बंद केली आहे का बघतो, फोटो काढतो, सोसायटीचं नाव नकाशाशी ताडतो. आमच्या दारात तोपर्यंत बँकेचा शिपाईसुद्धा आला नव्हता. तो माणूस स्वतः २ फेब्रुवारीला पहिल्यांदा घर बघून गेला, आणि सहा दिवसांत न आलेल्या इंजिनिअरची तपासणी पूर्ण! दहावी झालेल्या माझ्या बायकोला हे एका वाचनात दिसलं. मी मात्र तिला ऑनलाइन शिकवत बसलो. त्या रात्री एक फोन केला असता तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. नंतर कितीतरी रात्री मी हे जेवण डोळ्यांपुढे आणलंय आणि दर वेळी तिच्या प्रश्नानंतर माझं तोंड दाबून धरावंसं वाटलंय.

बाकी खुणा नंतर वकिलांनी दाखवल्या. ५७,६०,००० म्हणजे ६४ लाखांचे बरोबर नव्वद टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज फक्त ३० लाखांच्या आतल्या कर्जाला. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मर्यादा ८० टक्के. म्हणजे ५१,२०,००० च्या वर एक रुपया मंजूर होणं शक्य नव्हतं. टक्केवारी काढणं हा माझा व्यवसाय होता! आणि ८ फेब्रुवारी हा दुसरा शनिवार. बँका बंद.

१४ फेब्रुवारीला पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर विसार पावती (बयाण्याचा करार), नोटरी. १,००,००० रुपये माझ्या खात्यात आले, अगदी एनईएफटीनं. मसुदा त्याच्या ‘ओळखीच्या वकिलानं’ केलेला. मुदत नव्वद दिवस, ‘पावतीच्या तारखेपासून अथवा विक्रेत्याने मूळ कागदपत्रे उपलब्ध केल्यापासून, जे नंतर असेल ते’. शेवटचे चार शब्द परत वाचा. मी तेव्हा वाचले नव्हते. शिवाय विक्रेत्यानं माघार घेतल्यास विसार दुप्पट आणि नुकसानभरपाई. खरेदीदाराचं कर्ज झालंच नाही तर काय, याबद्दल अख्ख्या पावतीत एक अक्षर नाही. कारण कर्ज तर ‘मंजूर’ होतं ना!

मग तो म्हणाला, “काका, आमची बँक म्हणते तुमचं जुनं कर्ज आधी बंद करून मूळ कागद आणा.” माझे ६,४२,३०० बाकी होते. ३,४२,३०० ची ठेव मोडली, हिचे दागिने ठेवून ३,००,००० सोनेतारण काढलं, ३ मार्चला कर्ज बंद. हे करायची काही गरज नसते. जुन्या बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यायचं, खरेदीदाराची बँक थेट त्या बँकेच्या नावाने रक्कम देते आणि उरलेली तुम्हाला. स्वतःच्या खिशातून कर्ज फेडायला लावणारा खरेदीदार दिसला की तिथेच थांबा. माझ्या बँकेनं मूळ कागद २९ मार्चला दिले. फेडल्यावर तीस दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई, असा नियम आहे. त्यांनी सव्विसाव्या दिवशी दिले. म्हणजे तिथेही माझं नशीब.

मग कारणं सुरू. मार्च एंडिंग आहे काका. मॅनेजरची बदली झाली. पुढच्या सोमवारी नक्की डिस्बर्समेंट. दरम्यान तळमजल्याच्या घराला मी २,००,००० टोकन देऊन बसलो होतो, त्यांची मुदत ३१ मे. १५ मे उलटला, नव्वद दिवस संपले असं मी धरलं आणि २० तारखेला त्याला मेसेज केला, की व्यवहार रद्द, तुमचे एक लाख परत घेऊन जा.

तो याच मेसेजची वाट बघत होता. २८ मेला वकिलाची नोटीस, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आमच्या फ्लॅट नंबरासह: या मिळकतीबाबत कोणी व्यवहार करू नये. एक प्रत सोसायटीला, एनओसी देऊ नका म्हणून. नोटिशीचं म्हणणं: मूळ कागद २९ मार्चला मिळाले, म्हणजे मुदत २७ जूनपर्यंत. त्याआधी विक्रेत्यानं करार मोडला. आमचे अशील तर पहिल्या दिवसापासून तयार होते, सोबत बँकेचं मंजुरीपत्र जोडत आहोत. तोच बनावट कागद! ज्या कागदानं मला फशी पाडलं, तोच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून.

मागणी ६,००,००० ची.

त्या शाखेत गेलो. साहेबांनी पत्र उजेडात धरलं आणि हसले. “आमच्या शाखेत गृहकर्ज मंजूरच होत नाही, ते कर्ज केंद्रातून होतं. हा नमुनाही आमचा नाही.” म्हटलं, एवढंच लिहून द्या. तर म्हणे, ग्राहकाची माहिती बाहेर देता येत नाही. “अहो, पण तो तुमचा ग्राहक नाही असं तुम्हीच म्हणताय.” “बरोबर. मग जो आमचा नाही त्याच्याबद्दल आम्ही काय लिहून देणार?” यावर काय बोलायचं? तक्रार कक्षाला मेल केला, तर आपलं कर्ज खातं क्रमांक कळवा असं उत्तर आलं. त्यांच्या नावानं, त्यांच्या शिक्क्यानं खोटं पत्र फिरतंय याचं त्यांना सुतक नाही.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या. पहिल्यांदा अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा अधिकाऱ्यानं वाचलं आणि विचारलं, “पैसे कोणी कोणाला दिले?” मी म्हणालो, त्याने मला एक लाख. “मग फसवणूक कोणाची? उद्या तोच तुमच्यावर तक्रार करेल. हे दिवाणी आहे, कोर्टात जा.” मी सांगितलं, साहेब, बनावट दस्त आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६ आहे, खोटा कागद खरा म्हणून वापरला त्याचं ३४० आहे, फसवणुकीचं ३१८ आहे. तर म्हणाले, “वकील आहात का?” चौथ्यांदा सांगितलं की बनावट आहे असं बँकेचं पत्र आणा. आणि बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा! दोघांच्या मध्ये मी, हातात फाइल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर म्हणे हा नंबर ऑनलाइन पैसे गेले असतील तर, तुमचे गेलेले नाहीत. महारेरा बिल्डरांच्या प्रकल्पांसाठी, दोन माणसांतली जुन्या घराची विक्री त्यात बसत नाही. एजंट म्हणाला, “साहेब, मी फक्त ओळख करून दिली.” ओळख करून द्यायचे ३२,००० त्याने फेब्रुवारीतच घेतले होते.

गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना लेखी कळवता येतं, तरी न झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, हे मला नंतर कळलं. पहिल्याच दिवशी पोच मागून घ्या. पोचेशिवाय अर्ज दिला म्हणजे टपाल विहिरीत टाकलं.

वकील चांगले होते, खोटं नाही बोलणार. म्हणाले, करार पुरा करून मागायचा तर खरेदीदाराला स्वतःची तयारी आणि इच्छा दोन्ही सिद्ध करावी लागते, विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं कलम १६. कर्जच नाही तर तयारी कसली? “आपण जिंकू. कधी, ते विचारू नका. दावा लावायलाच त्याच्याकडे तीन वर्षं आहेत.” तोवर जाहीर नोटीस वाचलेला कोणता खरेदीदार येणार? त्याला खटला जिंकायचाच नव्हता, माझं घर नुसतं अडकवून ठेवायचं होतं. त्यासाठी एक लाख, एक स्टॅम्प पेपर आणि एक पीडीएफ पुरली.

११ ऑगस्टला तडजोड. ४,५०,००० दिले, त्यात त्याचा विसार १,००,०००, वरचे ३,५०,००० ‘नुकसानभरपाई’. रद्द लेखावर मी स्वतः सही केली की आता परस्परांविरुद्ध तक्रार नाही. सही करताना हात थरथरला तर तो मला म्हणाला, “काका, पाणी घेता का?” तळमजल्यावाल्यांनी ५०,००० परत केले, १,५०,००० गेले. एजंट ३२,०००. वकील ५५,०००. सोनेतारणाचं व्याज १९,४००. बेरीज करून बघा. नंतर पोलिसांत पुन्हा गेलो तर उत्तर तयार होतं: “तडजोड झाली ना? मग आता काय?”

मंजुरीपत्रावर छापलेल्या नंबरावर फोन करून खात्री करू नका, कागद बनावट असेल तर तो नंबरही बनवणाऱ्याचाच असतो. खरेदीदाराला बरोबर घेऊन स्वतः बँकेत जा, त्याच्यासमोर विचारा. जायला टाळाटाळ केली तर ते उत्तरच आहे. मंजुरीपत्रात ‘तत्त्वतः’ शब्द असेल तर तो माणूस खोटा नाही, पण घराची तपासणी अजून व्हायची आहे एवढं समजा. विसार पावती आपल्या वकिलाची हवी, आणि तीत अमुक तारखेपर्यंत कर्ज वितरित न झाल्यास पावती आपोआप रद्द, हे एक वाक्य हवंच हवं. ‘जे नंतर असेल ते’ दिसलं की पेन खाली ठेवा.

ऑगस्टअखेर त्या पहिल्या नवरा-बायकोला फोन केला. त्यांनी केव्हाच दुसरीकडे घर घेतलं होतं. नवीन खरेदीदार दिवाळीनंतर मिळाले, ६१,००,००० ला. त्यांचं पत्र घेऊन मी स्वतः कर्ज केंद्रात गेलो, दीड तास बसलो, अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलं. चार दिवसांनी एक मुलगा दारात उभा. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजायचं लेझर यंत्र. खोल्या मोजल्या, संडासाचासुद्धा फोटो काढला. वीस मिनिटं. हिनं त्याला बसवून चहा दिला, त्याचं नाव आणि बँकेचं नाव कॅलेंडरवर लिहून घेतलं, आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं, “हे ऑनलाइन होत नाही का रे?”

“नाही हो काकू,” तो म्हणाला. “यावंच लागतं.”