शैक्षणिक सॉफ्टवेअरचं विकिपीडिया पान ठेवायचं की काढायचं: त्या चर्चेचा रिव्ह्यू

इंग्रजी विकिपीडियावर एखादं पान असावं की नाही अशी शंका आली की त्यावर उघड चर्चा लागते, साधारण 7 दिवस चालते आणि कोणीही जाऊन मत मांडू शकतं. शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या अशा चर्चा मी आवडीने वाचते, म्हणजे भूमितीचं एखादं टूल, शब्द पाठ करायचं अ‍ॅप, प्रयोगशाळेचं सिम्युलेशन वगैरे, आणि माझं मत असं झालंय की नियम एकदम बरोबर आहे पण या प्रकारच्या सॉफ्टवेअरला वेळ कमी मिळतो.

नियम साधा आहे, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांशी संबंध नसलेल्या भरवशाच्या लोकांनी त्याबद्दल नीट, सविस्तर लिहिलेलं हवं. किती डाउनलोड झाले, किती शाळांत वापरतात, मुलांना किती आवडतं हे सगळं खरं असलं तरी चालत नाही, आणि इथेच बहुतेक शिक्षक चिडतात. पण मला हे पटतं, कारण बाहेरच्या कोणी लिहिलेलंच नसेल तर पानात टाकणार काय, बनवणाऱ्याच्याच साइटवरची माहिती ना, मग ती जाहिरातच झाली.

संदर्भ तपासायचं काम मात्र बघण्यासारखं असतं. पानाखाली भलीमोठी यादी असते, पण एकेक लिंक उघडली की पहिल्या काही सॉफ्टवेअरच्याच साइटच्या निघतात, मग एखादी प्रेस रिलीज जशीच्या तशी छापलेली, मग "उपयुक्त 50 अ‍ॅप्स" छापाची यादी ज्यात याच्या वाट्याला एकच ओळ आलीय, आणि शेवटी एक रिसर्च पेपर, तोही बनवणाऱ्यानेच लिहिलेला! पेपर कितीही चांगल्या जर्नलमधला असू दे, लेखक तोच असेल तर तो स्वतंत्र धरत नाहीत. शिक्षणातल्या सॉफ्टवेअरचं दुखणं हेच आहे, ते बहुतेकदा विद्यापीठात जन्मतं आणि त्यावर लिहिणारेही त्याच टीमचे असतात.

जिओजेब्रा या गणित शिकवायच्या सॉफ्टवेअरचंच बघा, 2001 मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबर्ग विद्यापीठात मास्टर्सच्या थिसिससाठी सुरू केलेलं काम, नुसत्या थिसिसवर त्याचं पान टिकलं नसतं. पुढे जगभरच्या ज्या संशोधकांचा त्या टीमशी काही संबंध नाही त्यांनी वर्गात वापरून त्याचा परिणाम काय होतो यावर पेपर लिहिले, त्यामुळे आज त्याच्या पानावर कोणी शंका घेणार नाही.

आता तक्रार. शिक्षकांच्या मासिकातला जुना रिव्ह्यू, परिषदेच्या छापील पुस्तकातला लेख, एखाद्या भाषेतल्या वर्तमानपत्राचं कात्रण हे सर्चमध्ये येत नाही, आणि जुन्या शैक्षणिक सॉफ्टवेअरबद्दल बरंचसं लिखाण अशाच ठिकाणी पडलेलं असतं. नियम म्हणतो की ऑफलाइन संदर्भही चालतो, पण 7 दिवसांत लायब्ररीत जाऊन तो शोधून आणणार कोण? चर्चा आणखी आठवडाभर वाढवता येते, पण ते बहुतेक वेळा मतंच कमी आली म्हणून होतं.

एक गोष्ट मनापासून आवडते, शेवटी निकाल देणारा नुसती डोकी मोजत नाही, मुद्दे बघतो. त्यामुळे दहा जणांनी येऊन "आमच्या मुलांना खूप उपयोग होतो, ठेवा" लिहिलं आणि एकानेच दोन पक्के संदर्भ दिले तर वजन त्या एकाचं जास्त. म्हणून मित्रांना गोळा करून मतं टाकायला लावू नका, त्याने उलट संशयच वाढतो.

आणि ठेवा किंवा काढा एवढेच पर्याय नसतात. छोट्या टूलची माहिती ते बनवणाऱ्या संस्थेच्या किंवा त्या विषयाच्या मोठ्या पानात मर्ज करता येते, जुनं नाव तिकडे रीडायरेक्ट करता येतं (म्हणजे ते नाव उघडलं की मोठं पान उघडतं), नाहीतर पान ड्राफ्टमध्ये, म्हणजे कच्च्या पानांच्या वेगळ्या जागेत, हलवता येतं. मला विचाराल तर संदर्भ मिळण्याची थोडी जरी आशा असेल तर ड्राफ्टच मागा. फक्त 6 महिने कोणी त्याला हात लावला नाही तर तो काढून टाकतात, पण नंतर विनंती केली की सहसा परत मिळतो.