आयजीपीस्पोर्ट बीएससी१००एस की गार्मिन एज १३० प्लस?

दोन्ही सायकलच्या हँडलवर लावायचे, वेग-अंतर दाखवणारे जीपीएस कॉम्प्युटर. आधी बॅटरी पाहा. कंपन्यांच्या दाव्यानुसार आयजीपीस्पोर्ट ४० तास चालतो, गार्मिन १२. रोजच्या दोन-तीन तासांच्या फेरीला दोन्ही पुरतात. पण २०० किमीच्या ब्रेवेची (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीची) मुदत साडेतेरा तासांची असते, म्हणजे सावकाश चालवणाऱ्याचा गार्मिन शेवटच्या कंट्रोलआधीच (तपासणीच्या थांब्याआधीच) बंद पडू शकतो. आयजीपीस्पोर्टचा २.६ इंची पडदा उन्हात पटकन वाचता येतो, गार्मिनचा १.८ इंचांचा आहे. गार्मिनचं वजन मात्र जेमतेम ३३ ग्रॅम.

गार्मिन सरस ठरतो तो वाट दाखवण्यात. त्यात नकाशा नाही, पण फोनवरून पाठवलेल्या मार्गाची रेघ आणि पुढचं वळण दिसतं. चढ किती उरला तेही कळतं, आणि घाटात दम राखायला हे फार मोलाचं आहे. आयजीपीस्पोर्टमध्ये मार्गदर्शन नाहीच.

हृदयगती, केडन्सचे (पायडल फिरवण्याच्या गतीचे) सेन्सर दोन्हींना जोडता येतात. उंची दोन्ही हवेच्या दाबावरून मोजतात. पावसात दाबाच्या छिद्रावर पाणी साचलं की आकडे भरकटतात, तेव्हा ते हलकेच पुसून कोरडं करा. निघण्यापूर्वी उघड्यावर थांबून जीपीएस सिग्नल पक्का होऊ द्या.

ओळखीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने स्वस्त आयजीपीस्पोर्ट बिनधास्त घ्यावा.