सार्जंटचा चित्रसंग्रह: मजकूर चोख, काळा रंग हरवलेला

जॉन सिंगर सार्जंट (१८५६–१९२५) या व्यक्तिचित्रकाराचा मोठ्या आकाराचा चित्रसंग्रह गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. असे पुस्तक घेताना आपण मुख्यतः छपाईसाठी पैसे मोजतो आणि नेमकी तिथेच माझी निराशा झाली.

‘मादाम एक्स’ या स्त्रीच्या व्यक्तिचित्राचे पान पाहावे. १८८४च्या पॅरिस सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, या चित्राने गहजब उडवला आणि झग्याचा खांद्यावरून घसरलेला पट्टा सार्जंटने नंतर पुन्हा रंगवून जागेवर आणला, हा किस्सा सर्वांना ठाऊक असतो. पण चित्राचा प्राण आहे तो काळ्या झग्याच्या घड्यांत आणि त्याला भिडलेल्या फिकट, किंचित जांभळट त्वचेत. येथे तो झगा म्हणजे शाईचा एक सपाट डाग झाला आहे. बॉइट कुटुंबातील चार मुलींचे दोन मीटरहून मोठे, जवळजवळ चौरस चित्र दोन पानांवर पसरल्यामुळे त्याच्या मधला गूढ अंधार शिवणीतच गडप होतो. ‘गॅस्ड’ हे सहा मीटरहून रुंद युद्धचित्र तर तळहाताएवढे छापले आहे. ते न छापते तरी चालले असते.

मजकुराबद्दल मात्र तक्रार नाही. पॅरिसमधील त्या वादानंतर १८८६मध्ये लंडनला येऊन, एकेकाळी व्हिस्लर या चित्रकाराने वापरलेल्या टाइट स्ट्रीटवरील स्टुडिओत बसलेला हा माणूस, ब्रिटन-अमेरिकेतील धनिक ज्याच्याकडे चित्र काढून घेण्यासाठी खोळंबून राहत, तो १९०७च्या सुमारास व्यक्तिचित्रांच्या मागण्या स्वीकारणे जवळजवळ थांबवतो आणि आग्रह झालाच तर कोळशाच्या झटपट रेखाटनावर भागवतो, या वळणाचा लेखकाने शांतपणे, कौतुकाचा अतिरेक न करता विचार केला आहे. लंडनचे कलाविक्रेते वर्थाइमर यांच्या कुटुंबाच्या बारा चित्रांवरील प्रकरण मी दोनदा वाचले.

जलरंगांची पाने सर्वांत सुंदर उतरली आहेत. बिनचकाकीच्या कागदावर व्हेनिसच्या पाण्यातील कोरी सोडलेली पांढरी जागा खरोखर उजेडासारखी भासते, आणि श्रीमंतांचा चित्रकार या शिक्क्याबाहेरचा सार्जंट तिथे भेटतो. तेवढ्यासाठी आणि मजकुरासाठी मी हे पुस्तक ठेवून घेतले आहे. तैलचित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी मात्र विकत घेण्याआधी ‘मादाम एक्स’चे पान उजेडात धरून पाहावे.