बार्बेक्यूचं टेबल, २,५९६ रुपये आणि माझी अक्कल

गेल्या रविवारी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. दोघं कराडहून पुण्यात आमच्याकडे आलेले. बायको म्हणत होती, घरीच श्रीखंड-पुरी करू. हौस माझीच. टेबलात शेगडी, त्यावर गरमागरम सळ्या, सासरेबुवांना गंमत वाटेल म्हटलं. ही गंमत एकूण ८,४४६ रुपयांना पडली. त्यातले २,५९६ सरळ चोराच्या घशात गेले.

फोनवरच्या नकाशात हॉटेल शोधलं आणि तिथेच दिसला तो नंबर लावला. तो नंबर बदलण्याची सूचना कोणीही ऐरागैरा पाठवू शकतो, हे मला आत्ता कळलं. तुम्हाला आधीपासून माहीत असेल तर शाबास. हॉटेलची स्वतःची वेबसाइट उघडून नंबर घ्या, दोन मिनिटं जास्त लागतील.

पलीकडचा माणूस लोण्यासारखा बोलत होता. रविवारचा १,०९९ चा बुफे आज ६४९ ला, मुलगी आठ वर्षांची म्हणजे फुकट, फक्त ५०० रुपये टोकन पाठवा. पाठवले. दहा मिनिटांत त्याचाच फोन: ऑफरला पूर्ण पेमेंट लागतं सर, सहाच्या आत केलं नाही तर टोकनही जाईल. राहिलेले २,०९६ पाठवले.

आता माझं डोकं जिथं आपटावंसं वाटतं ती जागा सांगतो. पिन टाकायच्या आधी पडद्यावर समोरच्या खात्याचं नाव येतं. तिथं हॉटेलचं नाव नव्हतं. भलत्याच कुणा माणसाचं नाव होतं, तेही एकदा नाही, दोनदा! ५०० पाठवताना वाचलं, २,०९६ पाठवताना पुन्हा वाचलं आणि अंगठा चालवला. माझी बाजू एवढीच की आमच्या किराणावाल्याचा क्यूआर त्याच्या भाच्याच्या नावावर आहे, दूधवाल्याचा बायकोच्या. रोज परक्या नावांना पैसे पाठवायची सवय झालेली. मॅनेजर असेल म्हटलं. मी बँकेच्या ॲपला घाबरणारा माणूस नाही, ओटीपी कोणाला देत नाही, लिंक उघडत नाही. म्हणून तर जास्त लागलं.

साडेसातला हॉटेलात पोचलो तर बुकिंगच नाही. मॅनेजर नंबर बघून थंडपणे म्हणाला, "हा आमचा नाही सर. तुम्ही या आठवड्यातले तिसरे." तिसरे! मग दाराशी एक पाटी लावायला काय होतं? सासरेबुवा शेजारी उभे, परत कसं फिरणार? चाळीस मिनिटं थांबून पूर्ण दराने बसलो.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. अननस आणि बटाट्याच्या सळ्या दर पाच मिनिटांनी, कोळंबी एकदाच, तीही माणशी दोन. शेगडीतल्या निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरलेली. सासरेबुवांनी मेनूकार्ड उचललं आणि चुलीला घालतात तसा वारा घालायला लागले. पलीकडच्या टेबलावरची पोरं हसली. मी ताटात बघत बसलो.

बिल: चार मोठ्यांचे ४,३९६, मुलीचे ५४९, पाण्याच्या दोन बाटल्या १२०, सर्व्हिस चार्ज ५०६.५०, जीएसटी २७८.५८. झाले ५,८५०. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, जुलै २०२२ पासून तसे निर्देश आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मला हे ठाऊक होतं! पण सासऱ्यांसमोर पाचशे रुपयांसाठी वाद घालायची लाज वाटली. तुम्ही लाजू नका. तिथंच काढायला लावा, नाही काढला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन करा, दुसऱ्या दिवशीची वाट बघू नका. मी सोमवारी अकराला केला, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे सरकलेले. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो बाई, मीच टाकलाय, म्हणून तर फसलोय! चौकीत आधी हद्दीवरून गाडी अडली: घर सिंहगड रोडला, हॉटेल दुसऱ्या टोकाला, पैसे गेले मोबाईलवरून, मग गुन्हा घडला कुठं? त्या चौकीतून या चौकीत. दुसरीकडचे साहेब २,५९६ आकडा ऐकून हसलेच. "इथं लाखांचे अर्ज पडलेत, तुम्ही ऑनलाइन टाका." टाकला. अर्धा दिवस सुट्टी गेली ती वेगळीच. अडीच हजारांसाठी कोणी हलत नाही, हे त्या चोराला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून तर तो अडीच हजारच मागतो. आठवड्याला अशी किती टेबलं लावत असेल, देव जाणे.

नकाशावरचा नंबर चुकीचा आहे म्हणून मी तीनदा कळवलं. काल बायकोच्या फोनवरून लावून पाहिला. दुसऱ्याच रिंगला उचलला, तोच आवाज: "नमस्कार, किती जणांचं टेबल लावू सर?"