वीस वर्षांपुढची मियाटा, सगळी ऑइलं नवी: एका उन्हाळ्या-हिवाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या वसंतात मी 2003 ची माझदा एमएक्स-5 घेतली. इथे अमेरिकेत तिला सगळे मियाटाच म्हणतात. दुसऱ्या पिढीची, 1.8 लीटर इंजिन, पाच गिअर, छप्पर हाताने मागे टाकायचं. विकणाऱ्याकडे इंजिन ऑइलच्या पावत्या नीट लावून ठेवलेल्या होत्या, पण गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच), क्लच आणि ब्रेक यांचा एकही कागद नव्हता. जुन्या गाड्यांचं बहुधा असंच असतं. म्हणून टायर, सस्पेन्शन, एक्झॉस्ट कशालाही हात लावायच्या आधी गाडीतलं प्रत्येक ऑइल आणि कूलंट घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बदललं. आता न्यू जर्सीचा उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही होऊन गेलेत, तेव्हा कशाने किती फरक पडला ते ठामपणे सांगता येईल.

सगळ्यात मोठा फरक गिअरबॉक्सचा. गाडी गार असताना पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना दांडा अडायचा, कधी कधी करकरायचाही. या गाडीची ही जुनी खोड आहे आणि निम्मी खोड जुन्या ऑइलमुळे असते. माझदाच्या मॅन्युअलमध्ये जीएल-4 आणि जीएल-5 (गिअर ऑइलचे दोन दर्जे) दोन्ही चालतं असं लिहिलंय, पण मी जीएल-4 वरच अडून राहिलो. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या दात्यांना हवीत, पण सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगला थोडं घर्षण लागतं, तिथे ती अडचणीची ठरू शकतात. रेड लाइन कंपनीचं एमटी-90 घातलं, दोन लीटर. काम सोपं आहे, एकच नियम काटेकोर पाळायचा: आधी भरायचा वरचा प्लग सुटतो का ते बघायचं, मगच खालचा ड्रेन प्लग उघडायचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालून ऑइल निघून गेलं असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही.

गोठवणाऱ्या सकाळी दुसरा गिअर अजूनही पहिला मैलभर जड जातो, पण करकर पूर्ण थांबली आहे. गरम झाल्यावर दांडा असा पडतो की उगीच एखादा गिअर जास्त बदलावासा वाटतो.

याच्या जोडीला एक काम अजिबात टाळू नका. गिअरच्या दांड्याच्या मुळाशी एक छोटी वाटी असते, इथले मियाटावाले तिला टरेट म्हणतात. तिचं ऑइल गिअरबॉक्सपासून वेगळं असतं, शंभर मिलीलीटरहूनही कमी. मधला कन्सोल काढल्याशिवाय ती दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कोणी बघतच नाही. माझ्या गाडीत ती जवळजवळ कोरडी होती आणि वरचं रबरी बूट फाटलेलं होतं. दोन्ही बुटं नवी टाकली, ऑइल भरलं. दांड्याचा सैलपणा गेला, आणि खालून आत येणारा आवाज व गरम हवाही थांबली. इतक्या कमी खर्चात इतका फरक या गाडीत दुसऱ्या कशाने पडेल असं मला वाटत नाही.

डिफरन्शियलला एक लीटर जीएल-5 लागलं. चालवताना काहीच फरक जाणवला नाही, जाणवणारही नाही. तरी प्लगच्या चुंबकावर काय चिकटलंय ते बघण्यासाठी तरी उघडाच. राखाडी पेस्ट असेल तर निर्धास्त राहा. धातूचे तुकडे दिसले तर मात्र विचार करा.

ब्रेक ऑइल मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, ओल शोषलेल्या ऑइलसाठी तो 155 वर येतो. उकळलं की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल नुसतं खाली जातं. माझ्या गाडीतून निघालेलं ऑइल चहासारखं तांबूस होतं. ब्लीड करायला, म्हणजे पेडल दाबून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायला, बायको सीटवर बसली. मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात केली, म्हणजे सर्वांत लांबच्या. मी खालून "दाब", ती वरून "धरलंय रे, सोड आता तू". रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी मारा, रंग उचलला जातो. उन्हाळ्यात बेअर माउंटनच्या पर्किन्स मेमोरिअल ड्राइव्हवरून उतरताना पेडल शेवटपर्यंत घट्ट राहिलं. गाडी घेतल्या घेतल्या तोच उतार मी उतरलो नसतो.

क्लचच्या ऑइलचं भांडं वेगळं आहे. तेही डॉट 4 नेच भरलं, पण थोड्याच महिन्यांत ते पुन्हा काळं झालं. म्हणजे आतलं रबर झिजतंय. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) जातोच, त्यामुळे गळायला लागण्याआधी नवा बसवून मोकळा झालो. आधी स्वच्छ ऑइल भरलेलं होतं म्हणूनच हे वेळेत कळलं.

कूलंटसाठी थोडा वेळ काढा. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. तापमान बऱ्यापैकी वर-खाली झालं तरी तो मधोमध स्थिर दिसेल असाच बनवलेला आहे. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी बघा: काळी असेल तर ठीक, हिरवट-तपकिरी झाली असेल तर ती तडकण्याच्या बेतात आहे. माझी तपकिरी होती, रेडिएटरही बदलला. एकूण सहा लीटर बसतं, पण खालून सोडलं तर सगळं निघत नाही, इंजिनात बरंच उरतं. म्हणून डिस्टिल्ड पाणी घालून, गाडी गरम करून, पुन्हा सोडलं. भरताना गाडीचं नाक वर उचललं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली. निम्मं पाणी, निम्मं कूलंट. हिवाळ्यात तक्रार नाही.

काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना ते विष आहे. जुनं इंजिन ऑइल इथली पार्ट्सची दुकानं फुकट घेतात. कूलंट मी काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिलं.

इंजिन ऑइलबद्दल थोडंच. 5डब्ल्यू-30, फिल्टरसकट साधारण चार लीटर. फिल्टर इनटेकच्या खाली अडचणीत बसवलाय, उजवीकडून चाकाच्या बाजूने हात घालावा लागतो. पहिल्या पिढीच्या गाड्यांत हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबावर चालणारे, वॉल्व्हजवळचे भाग) असल्याने ऑइल बदललं की टिकटिक कमी झाल्याचं लोक सांगतात. 1999 पासूनच्या या 1.8 मध्ये ते लिफ्टर नाहीत, त्यामुळे इथे तशी जादू शोधू नका.

पॉवर स्टीअरिंगमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, असतं. मोठ्या सिरिंजने भांड्यातलं उपसायचं, नवं घालायचं, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायचं, आणि लाल रंग येईपर्यंत हेच पुन्हा करायचं.

तुमची गाडी सहा गिअरची असेल तर गिअरबॉक्समध्ये दोन नाही, 1.75 लीटरच बसतं. ऑइल विकत घ्यायच्या आधी आपला गिअरबॉक्स कोणता ते बघून ठेवा.