भाषा सुधारायला दिलेल्या शोधनिबंधाचे काय झाले

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. आईवडील उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेल्यावर मुलांच्या शाळेचे काय होते, या विषयावर केज आणि अंबाजोगाई तालुक्यांतील बायकांच्या मुलाखती घेऊन मी इंग्रजीत शोधनिबंध लिहिला होता. व्याकरण आणि संदर्भांची मांडणी तपासून घ्यावी, एवढ्याच कामासाठी तो छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी संस्थेला दिला. अनुभवी संपादक ओळन् ओळ वाचतात, असे त्यांनी लेखी कळवले आणि ६,००० रुपये आगाऊ घेतले.

निबंध परत आला तेव्हा इंग्रजी गुळगुळीत झाले होते. पण मूळ प्रत शेजारी ठेवून वाचू लागले तेव्हा हादरून गेले. धाकट्या बाळाला कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, कोणी सांभाळायचे म्हणून थोरल्या मुलीला शाळेतून काढून सोबत न्यावे लागते, असे एका बाईने मला सांगितले होते. सुधारित प्रतीत तीच बाई, ऊसतोडीच्या काळात मुलांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहामुळे आपले कुटुंब सक्षम झाले, असे अवतरणचिन्हांत म्हणत होती. ती असे कधीच बोललेली नाही. निबंध संपादकाने न वाचता एआय साधनाकडून पुन्हा लिहून घेतला असावा, असे मला दिसले. एआय साधनाला पुनर्लेखन करायला सांगितले की त्या विषयावर सर्वसाधारणपणे जे लिहिले जाते त्याच्या जवळ जाणारा मजकूर ते तयार करते, आणि त्यात नेमका तो कटू तपशील गळून पडतो ज्यासाठी संशोधन केलेले असते.

संदर्भसूचीतही मी न वाचलेले लेख आले होते. लेखकांची नावे ओळखीची, नियतकालिके खरी, खंड आणि पृष्ठक्रमांकही दिलेले. मात्र त्यांचे डीओआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारे कायमचे ओळखक्रमांक, डीओआयच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकले तेव्हा काही क्रमांक अस्तित्वातच नव्हते आणि एक तर भलत्याच विषयाच्या लेखाकडे गेला. जाब विचारल्यावर संस्थेने साधर्म्य तपासणीचा अहवाल पुढे केला आणि साधर्म्य अगदी नगण्य आहे, म्हणजे काम चोख आहे, असे सांगितले. हा युक्तिवाद अनेक संशोधक विद्यार्थ्यांना पटतो, म्हणून त्यावर थांबून सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, हे खरे आहे; परंतु ती तपासणी मजकूर आधी कुठे छापला गेला आहे का एवढेच पाहते. रचलेले वाक्य आधी कोणीच लिहिलेले नसते, त्यामुळे ते या चाळणीतून सहज निसटते. कमी टक्केवारी हा खरेपणाचा दाखला नव्हे.

यापुढचा प्रकार अधिक गंभीर आहे. मला न विचारता हीच प्रत एका नियतकालिकाकडे पाठवली गेली आणि काही दिवसांतच तज्ज्ञ परीक्षण पूर्ण झाल्याचे पत्र व प्रमाणपत्र आले. त्यावर ‘यूजीसी केअर’ची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीची, मोहर होती; वास्तविक ती यादी बंद केल्याचे आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्येच जाहीर केले आहे. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळखक्रमांक, अधिकृत पोर्टलवर शोधला तेव्हा तो दुसऱ्याच प्रकाशकाच्या, रीतसर चालणाऱ्या नियतकालिकाचा निघाला. त्याचे नाव आणि क्रमांक उचलून बनावट संकेतस्थळ उभे केलेले होते. लेख काढून टाका असे कळवल्यावर त्या संकेतस्थळाच्या चालकांनी माघारीचे शुल्क मागितले. ते मी दिलेले नाही आणि कोणी देऊही नये, कारण पैसे मिळाल्यावर लेख हटेलच याची कसलीही हमी नसते.

एआय साधने वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या संशोधकाला इंग्रजी वाक्य सुधारण्यासाठी त्यांची खरी मदत होते आणि अनेक प्रकाशक अशा वापराला, तो उघडपणे नोंदवला तर, परवानगी देतात. प्रकाशन नीतीविषयक ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की एआय साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. ती जबाबदारी निबंधावर नाव असणाऱ्याची असते. म्हणूनच संपादनाला मजकूर देण्यापूर्वी एआय वापरणार का, कोणते साधन आणि कशासाठी, हे लेखी घ्यावे. प्रत्येक बदल दिसेल अशीच प्रत परत मागावी. मुलाखतींतील अवतरणांना हात लावू नये, ही अट घालावी. आमच्याकडे विश्वासाने बोललेल्या बायकांच्या वतीने एवढा आग्रह धरणे मला आवश्यक वाटते.

मी १९३० या सायबर मदतक्रमांकावर आणि राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली आहे, मूळ नियतकालिकाच्या संपादकांना कळवले आहे आणि दोन्ही प्रती महाविद्यालयाच्या संशोधन समितीकडे लेखी निवेदनासह दिल्या आहेत. लेख मात्र अजून त्या बनावट संकेतस्थळावर माझ्या नावाने दिसतो. ऊसतोड कुटुंबांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या कोणालाही तो सापडल्यास त्यातील एकही अवतरण आपल्या प्रबंधात घेऊ नये. मूळ मुलाखतींवर आधारलेली प्रत मी मागणाऱ्याला स्वतः देईन.