८×४२ दुर्बीण: लांबून गाड्या बघायला घ्यावी का?

ही दुर्बीण खरंतर पक्ष्यांसाठी घेतली होती पण सहा महिने झाले, निम्म्याहून जास्त वेळ ती गाड्यांवरच रोखलेली असते. रुळांपासून बऱ्याच लांब, उतारावर एका झाडाखाली बसतो. रुळाच्या जवळ जायचंच नाही हा नियम, म्हणून तर दुर्बीण हवी.

आधी १०×५० होती. जड प्रकरण, हात जरा हलला की सगळं थरथरायचं आणि धावती गाडी सापडेपर्यंत निघून जायची. हिच्यात ८ पटच मोठं दिसतं पण मोकळं दिसतं, इंजिन पकडलं की शेवटच्या डब्यापर्यंत आरामात नजर फिरवता येते. आणि पुढचं भिंग ४२ मिमी रुंद, त्या ४२ ला ८ ने भागलं की येतात ५.२५ मिमी, तेवढा रुंद प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, त्यामुळे दिवेलागणीलासुद्धा सगळं स्वच्छ दिसतं.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते चाकं बघायला. लांबलचक मालगाडी वळणावर हळू येते तेव्हा एकेक चाक नीट बघता येतं, एवढा बोजा आणि चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम छोट्या नाण्याएवढी! स्टीलवर स्टील, अडथळा कमी, म्हणूनच तेवढाच माल ट्रकपेक्षा कितीतरी कमी इंधनात जातो. हे वाचलेलं होतं, पण पटलं ते तिथे बसून बघताना.

गाडी गेली की दोन मिनिटांत किड्यांचा आवाज परत सुरू होतो, मग दुर्बीण रुळाकडेच्या गवताकडे वळते. त्या पट्ट्यात फारसं कोणी फिरकत नाही, नांगरतही नाही, त्यामुळे फुलपाखरं भरपूर. वरच्या तारेवर भिंगऱ्या रांगेत बसतात, अशा तारांत बऱ्याच ठिकाणी २५,००० व्होल्ट असतात, पण दोन्ही पाय एकाच तारेवर म्हणून त्यांना काही होत नाही. रूळ जनावरांच्या वाटा तोडतात, गाडीखाली जनावरं मरतात, हे विसरता येत नाही मला. तरी तेवढीच माणसं न्यायला हायवेला याहून खूप रुंद जमीन लागली असती, हेही तिथेच बसून डोक्यात येतं.

तक्रारी दोन. पुढच्या भिंगांची झाकणं ढिली, एक गवतात पडलं ते सापडलंच नाही आणि कंपनीला दोनदा मेल करूनही उत्तर नाही. दुसरं म्हणजे गळ्यातला पट्टा तासाभरात मानेला काचतो, मी रुंद पट्टा वेगळा घेतला. भर दुपारी खडीवरून लहरी उठून लांबची गाडी वितळल्यासारखी दिसते, पण तो हवेचा गुण आहे, कुठलीही दुर्बीण घ्या तसंच दिसणार.

चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून बघा, मला चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतं. ट्रायपॉड न्यायचा नसेल तर १०×५० च्या मागे लागू नका, हीच घ्या. सूर्य मावळतीला आला की मात्र त्या बाजूची गाडी सोडून द्यायची, दुर्बिणीतून चुकूनही सूर्याकडे बघायचं नाही.